सहीचा फराटा झाला, आता वहीत जपायचं काय?

गावभागकर | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. सह्या गोळा करणारे इथं पाच-सहाजण तरी आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून हा धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी लेक नववीत आहे, क्रिकेट खेळते. गेल्या आठवड्यात त्यांच्या सरावाच्या ठिकाणी एक मोठी खेळाडू येऊन गेली. मुलींनी रांग लावून बॅटवर, टोपीवर सह्या घेतल्या. घरी आल्यावर लेकीनं बॅट माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, कुणाची सही आहे ते तुमच्या वहीत लिहून ठेवा, नाहीतर मी पुढच्या वर्षी विसरेन." बॅटवर काळ्या मार्करची एक उभी रेघ, तिला मधे एक गाठ, आणि खाली आडवा फराटा. नावातलं एकही अक्षर नाही. समोर उभं राहून सही घेतलेल्या पोरीलाच ती पुढं ओळखू येणार नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

माझ्या घरात सह्यांची वही आली ती वडिलांमुळं. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. भावे नाट्यगृहात नाटक असलं की पगाराला कात्री लावून तिकीट काढायचे, आणि प्रयोग संपला की रंगपटाच्या दाराशी उभे राहायचे. एका खिशात शाईचं पेन, दुसऱ्यात टीपकागद. नट तोंडावरचा रंग पुसत बाहेर आला की वही उघडून दोन्ही हातांवर धरायची, टोपण काढलेलं पेन पुढं करायचं, सही झाली की आपणच टीपकागद दाबायचा. त्यात मिनिटभर तरी जाई. तेवढ्यात नट विचारी, "कुठले आपण? तिसरा अंक कसा वाटला?" घरी आल्यावर वडील समोरच्या पानावर पेन्सिलीनं लिहीत: नाटकाचं नाव, तारीख, सोबत कोण होतं. त्या वहीतली एकही सही अशी नाही की जी मला दहाव्या वर्षी वाचता आली नाही. मी देवनागरी जोडाक्षरं शाळेत कमी आणि त्या वहीत जास्त शिकलो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं. आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन विश्रामबागला बहिणीकडं गेलो. वही खालच्या कपाटात राहिली. पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा कपाटाचं दार फुगून बसलेलं, आणि आत वहीचा गठ्ठा झालेला. शाईच्या पेनाच्या बहुतेक सह्या विरघळून निळे ढग झाले होते. बॉलपेनच्या सह्या मात्र जशाच्या तशा होत्या, कारण तिची शाई तेलकट असते, पाण्यात विरघळत नाही. मार्करच्या कडा फुटल्या, पण अक्षर राहिलं. आणि पेन्सिलीच्या नोंदींना पाण्यानं काहीही झालं नाही. एकूण एक शाबूत. आज मला जी पानं कळतात ती वडिलांच्या त्या नोंदींमुळं.

मग मी माझा स्वतःचा संग्रह शेजारी ठेवून बघितला. माझ्या कॉलेजच्या काळातल्या सह्या बॉलपेनच्या, वाचता येतात. २००० नंतर आडनाव आखडत गेलंय. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या तर जवळजवळ सगळ्याच माझ्या लेकीच्या बॅटसारख्या. पाण्यानं जे वडिलांच्या वहीचं केलं ते इथं सही करतानाच झालंय, आणि पेन्सिलीची नोंदही मी केलेली नाही. हा माझा मोठा दोष.

तुमचा अनुभव काय? सह्या खरंच खालावल्या आहेत, की मीच जुन्याच्या प्रेमात आहे?


निळी_शाई | रविवार, रात्री १०.२५

दादा, तुम्हाला भास झालेला नाही. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी चेक पासिंगवर. दिवसभर नमुना सहीचं कार्ड आणि चेकवरची सही शेजारी शेजारी बघायची.

सही ओळखताना आम्ही अक्षर वाचत नसू, हात वाचायचो. कुठं दाब पडलाय, कुठं पेन उचललंय, वेलांटी खालून वर गेली की वरून खाली आली, शेवटचा झटका किती लांब. पूर्ण नाव असलेल्या सहीत या जागा भरपूर मिळतात. नकली सही करणारा एकदोन जागा साधतो, बाकीच्यांत अडकतो. शिवाय तो जपून, सावकाश काढतो, त्यामुळं रेघेला बारीक थरथर येते आणि नको तिथं पेन थांबल्याचा ठिपका पडतो. दोन फराट्यांच्या सहीत पकडायला जागाच उरत नाही. चार दिवस सराव केला तर आठवीतला पोरगाही ती मारील. म्हणून सही आखडली की तुमचा अक्षर वाचण्याचा आनंद तर जातोच, पण ती खरी की खोटी हे सांगायचं साधनही हातातून जातं. मला हे दुसरं जास्त गंभीर वाटतं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगते. नामवंत माणसं पुष्कळदा बँकेतली सही वेगळी ठेवतात आणि चाहत्यांना वेगळी देतात. हजारो कागदांवर आपली खरी सही फिरू देणं धोक्याचंच. तेव्हा चाहत्यांची सही साधी असण्याला माझी हरकत नाही. पण साधी म्हणजे नाव गाळलेली नव्हे. लोकमान्यांची इंग्रजी सही बघा, कुणालाही वाचता येते.

आणि अजून एक खूण लक्षात ठेवा: एकाच माणसाच्या दोन खऱ्या सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एकावर एक ठेवून जुळल्या तर निदान एक तरी उतरवलेली किंवा छापलेली आहे असं समजायचं.


द्राक्षवेल | सोमवार, सकाळी ७.१०

मी थोडं उलट लिहिते, राग मानू नका.

माझा भाऊ राज्य पातळीपर्यंत खेळलाय, आता मुलांना शिकवतो. तो सांगतो, खेळाडू मैदानातून बसकडं चालत असतो, दोन्ही बाजूंच्या जाळीतून हात बाहेर आलेले, कुणाच्या हातात बॅट, कुणाच्या टोपी, कुणाचं मोबाईलचं कव्हर. टेकायला जागा नाही, मार्कर कुणाचा ते माहीत नाही, मागून ढकलाढकली. त्यात सुवाच्य नाव कसं लिहायचं? आणि थांबून नीट लिहायला लागला तर मागची पन्नास पोरं रिकामी जातात. भावाला विचारलं तर तो म्हणतो, "एका पोराला मोत्यासारखं अक्षर देण्यापेक्षा पन्नास पोरांना फराटा देईन."

शिवाय आता मुलांना सही नकोच असते, सेल्फी हवा असतो. गायिका टेलर स्विफ्टनं २०१४ सालीच एका लेखात लिहिलं होतं, की पुढच्या बाजूला कॅमेरा असलेला आयफोन आल्यापासून तिच्याकडं कुणी सही मागितलेली नाही. ज्याची मागणी कमी त्याचा हात सुटणारच. त्यातून हातानं लिहिणंच कमी झालंय. अमेरिकेत २०१० च्या सामायिक अभ्यासक्रमात वळणदार इंग्रजी लिपीचा उल्लेखच ठेवला नव्हता. आपल्याकडं तरी पुस्ती गिरवून घेणारे मास्तर कुठं उरलेत?

माझ्या मुलाच्या कपाटावर असाच एक फराटा असलेली टोपी आहे. त्याला ती कुणाची, कधीची, त्या वेळी तो खेळाडू काय बोलला, सगळं पाठ आहे. त्याच्यासाठी ती सही पुरेशी आहे.


गावभागकर | सोमवार, सकाळी ९.०५

द्राक्षवेलताई, राग कसला. पन्नास पोरांची गोष्ट मला पटली, अगदी मनापासून. पण तुमच्या मुलाला आज पाठ आहे, तो चाळिशीत गेल्यावर? आणि त्याच्या नंतर ती टोपी ज्याच्या हाती जाईल त्याला? माझे वडील गेले, तरी त्यांच्या वहीतली पेन्सिल अजून माझ्याशी बोलते. मुलाकडून आजच एक चिठ्ठी लिहून घ्या आणि टोपीच्या आत ठेवा, एवढी विनंती.

निळी_शाईताई, थरथरीची खूण आजच तपासून बघणार.


क्रिकेटवही | सोमवार, दुपारी १.३०

माझा संग्रह फक्त क्रिकेटचा, म्हणून त्याच बाजूनं लिहितो.

पूर्वी परदेश दौऱ्यावर संघाचा एक छापील किंवा टंकलेला कागद असायचा. वर संघाचं नाव, खाली एकेका खेळाडूचं नाव आणि त्यापुढं त्याची सही. सही कितीही गिचमीड असली तरी शेजारी नाव असल्यामुळं प्रश्नच मिटायचा. आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार होते, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. या माणसाची एक सही माझ्याकडं असावी म्हणून मी अकरा वर्षं शोधतोय. दोनदा विकायला आलेली बघितली, दोन्ही वेळा सुट्या चिटोऱ्यावर, ना तारीख ना गाव. घेतली नाही. संघाच्या कागदावर असती तर उधारी करून घेतली असती.

त्या कागदासारखंच वही भरण्यातही एक रीत होती. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या भगिनी लक्ष्मी यांच्या वहीत १९३३-३४ च्या दौऱ्यावर आलेल्या इंग्लंडच्या एमसीसी संघाच्या सोळा सह्या होत्या. त्याच पानावर पुढं गांधीजींनी सतरावा क्रमांक घालून सही केली. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीला देत. सही देणाऱ्यालाही तिची किंमत ठाऊक होती, घेणाऱ्यालाही.

आणि ब्रॅडमन. निवृत्तीनंतर पन्नासहून जास्त वर्षं ते जगभरातून आलेल्या पत्रांना उत्तरं देत, सह्या करून पाठवत राहिले. २००१ मध्ये ते ९२ व्या वर्षी गेले. म्हातारपणीच्या सह्यांत हात कापलेला दिसतो, पण नाव पूर्ण असतं. त्यामुळं घाईचं कारण मला एका मर्यादेपर्यंतच पटतं. सगळ्या सह्या काही जाळीतून हात घालून घेतलेल्या नसतात. टेबलाशी बसून, पैसे घेऊन केलेल्या सह्याही आता तशाच फराट्यांच्या असतात. शेकड्यांनी चिकटपट्ट्यांवर करायच्या आणि मग त्या पट्ट्या खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांवर चिकटवायच्या. म्हणजे जे कार्ड आपण जपतो त्याला त्या खेळाडूचा हातही लागलेला नसतो.

आता बाजाराचं. सही सोपी झाली की खोट्याचं फावतं, हे निळी_शाईताईंनी सांगितलंच. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून खेळाडूंच्या खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. खोट्या मालासोबत प्रमाणपत्रंही होती. म्हणून विकणाऱ्यानं स्वतःच दिलेलं चमकदार होलोग्रामचं प्रमाणपत्र बघून कुणी पैसे मोजू नका. मी मोजलेत. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून जोडीनं दोन बॅटी घेतल्या, दोन्हीवरच्या सह्या एकमेकींवर ठेवल्यावर केसाइतकाही फरक नाही. दहा पट भिंग लावलं तर रेघेत बारीक ठिपके दिसले, छपाईचे. पैसे गेले.

यंत्राचा प्रकार तर त्याहून वाईट. २०२२ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ९०० प्रती 'हाताने सही केलेल्या' म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी एकमेकांच्या प्रतींचे फोटो जुळवले तेव्हा कळलं की सह्या ऑटोपेन यंत्रानं केल्यात. प्रकाशकानं पैसे परत केले, डिलननं जाहीर माफी मागितली. ही चोरी कुणा तज्ज्ञानं नव्हे, संग्राहकांनी आपसांत बोलून पकडली. यंत्राच्या सहीत दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो आणि टोकांना ठिपका पडतो. हाताचा दाब कधीच एकसारखा नसतो.


सतारमेकर_गल्ली | सोमवार, संध्याकाळी ६.५०

मी मिरजेचा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंतुवाद्यं होतात. आमच्या दुकानाच्या भिंतीवर कलाकारांचे सही केलेले फोटो आहेत. धागा वाचून आज मुद्दाम स्टुलावर चढून एकेक नीट बघितला. जुने-नवे सगळे वाचता येतात. गेल्या वर्षीचासुद्धा!

का, ते माझ्या लक्षात आलं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा स्वर, काढायला वेळ लागतो. घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवून घासायचं. कलाकार तोवर समोर बसलेला असतो, चहा होतो, घरातली चौकशी होते. मग फोटो पुढं केला की तो मांडीवर घेऊन, पेन हातात नीट धरून, नाव लिहितो, गाव लिहितो, तारीख घालतो. तेच कलाकार मैफल संपल्यावर गर्दीत सही देतात तेव्हा तीही फराट्याचीच असते, ती मी बघितलीय. माणूस तोच, हात तोच. बसायला मिळालं की अक्षर येतं.


द्राक्षवेल | सोमवार, संध्याकाळी ७.२०

सतारमेकरदादा, हे फार पटलं. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुढच्या वेळी कुणी पाहुणा आला तर रांगेऐवजी टेबल-खुर्ची मांडू, एकाला एकच वस्तू, आणि पेन आम्ही देऊ. आणि हो, मुलाकडून चिठ्ठी लिहून घेतली. दीड पान लिहिलंय त्यानं!

मघाशी लिहायचं राहिलं. मे २०२३ मध्ये चेन्नईला सामना संपल्यावर सुनील गावसकर धावत धोनीकडं गेले आणि अंगातल्या शर्टावर सही घेतली. वय ७३. ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सेल्फीच्या काळातसुद्धा त्यांना सहीच हवी होती.


मोडीवाचक | सोमवार, रात्री ११.००

एक जुनी गोष्ट जोडतो. मराठेशाहीतल्या पत्रांत आजच्यासारखी सही नसते. मजकूर लिहिणारा कारकून वेगळा, वर मुद्रा, आणि शेवटी मोर्तब. 'मर्यादेयं विराजते' किंवा 'लेखनसीमा' असा छोटा शिक्का मजकूर संपतो तिथंच मारायचा, म्हणजे पुढं कुणी ओळ घुसडू नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो तो तिथला. पत्र खरं की बनावट हे ठरवताना अभ्यासक शिक्का बघतातच, पण त्यासोबत कागद, अक्षराचं वळण, तारखेची पद्धत, उल्लेखलेली माणसं त्या वेळी तिथं होती का, हे सगळं बघतात. कुठलीही एक खूण एकटी पुरत नाही.

त्यामुळं गावभागकर, सही फराट्याची असली तरी तुम्ही हताश होऊ नका. तारीख, गाव, प्रसंग, सोबत कोण, शक्य तर सही करतानाचा फोटो. हे मोर्तब तुमच्या हातात आहे.


हरिपूरकर | मंगळवार, सकाळी ८.१५

आमच्याकडंही २०१९ ला वह्या भिजल्या, वाळवून तशाच ठेवल्यात, पानं चिकटलेली आहेत. आता काही करता येईल का? आणि पुन्हा असं झालं तर काय करायचं?


गावभागकर | मंगळवार, सकाळी ९.३०

हरिपूरकर, मी जे शिकलो ते चुका करून शिकलो, तेवढंच सांगतो.

चिकटून वाळलेली पानं सुरीनं सोडवू नका. मी सोडवायला गेलो आणि तीन पानं गेली. कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. पुन्हा भिजली तर उन्हात अजिबात टाकू नका, कागद वाकडा होतो आणि शाई उडते. पानांमधे टीपकागद घालून पंख्याखाली ठेवायची, टीपकागद सारखा बदलायचा. लगेच जमणार नसेल तर वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमधे ठेवायची, म्हणजे बुरशी थांबते आणि नंतर सवडीनं वाळवता येते. हे मला तेव्हा माहीत असतं तर वडिलांची निम्मी वही वाचली असती.

लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत काढता येत नाही. चिकट पानांचे फोटो अल्बम आणि मऊ प्लास्टिकचे खिसे शाई ओढून घेतात. दिवाणखान्यात फ्रेम लावायची हौस असेल तर प्रत लावा, मूळ सही अंधारात ठेवा. मार्कर उजेडात फार लवकर उडतो.

आणि माझी एक अडचण आहे, कुणाला सुचलं तर सांगा. वडिलांच्या वहीत एक पान आहे. सही शाईची, जवळजवळ गेलेली. पहिल्या अक्षराची वेलांटी आणि शेवटी लांब ओढलेली रेघ एवढंच दिसतं. समोरचं पेन्सिलीचं पान मीच सोडवताना फाडलं. पण सहीखाली त्या कलाकारानं बॉलपेननं, बहुतेक दुसऱ्या कुणाचं पेन घेऊन, तारीख घातलीय: सांगली, ५ नोव्हेंबर, १९७ आणि पुढचा आकडा डागात गेलाय.


मोडीवाचक | मंगळवार, सकाळी १०.०५

५ नोव्हेंबर! अहो, तो रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं 'सीता स्वयंवर' केलं त्याची आठवण. त्याच दिवशी सांगलीत भावे गौरवपदक देतात. पदक घेणारा कलाकार त्या दिवशी इथं असणारच, आणि तुमचे वडील रंगपटाच्या दाराशी. १९७० ते १९७९, जास्तीत जास्त दहा नावं. त्यांतली वेलांटीनं सुरू होणारी किती असतील?


निळी_शाई | मंगळवार, सकाळी १०.४०

नावं मिळाली की त्या कलाकारांच्या दुसरीकडच्या सह्या शोधा. वेलांटी कुठून सुरू झालीय आणि शेवटची रेघ वर उचललीय की खाली दाबलीय, ते बघा. आणि पान तिरप्या उजेडात धरा. शाई गेली तरी निबाचा दाब कागदावर राहतो. मी भिंग घेऊन येते, सांगा कधी.


गावभागकर | मंगळवार, दुपारी १२.१५

मोडीवाचक, हात थरथरतोय टाइप करताना. सहा वर्षं मी ते पान बघतोय आणि तारीख कधी अशी वाचलीच नाही.

ताई, गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता घरी या, सोबत विजेरी आणा. तोवर मी जुन्या वर्तमानपत्रांतून पदकाची दहा वर्षांची नावं काढून ठेवतो. लेक म्हणतेय, ती पण थांबणार आहे, आणि बॅटच्या नोंदीसाठी तिनं आत्ता माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली.